उतारावरची पहिली रेघ

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये किंचित अडखळली, दिवा मिटून पुन्हा लागला, आणि मी ‘हो’ म्हणालो. घडलं ते एवढंच. वरच्या मजल्यावरच्या महरुख खानुमच्या खांद्यावर स्कीच्या दोन लांब फळ्या होत्या, त्यांच्यावरचा बर्फ वितळून लिफ्टच्या रबरी जमिनीवर पाणी साचत होतं आणि मी त्या पाण्याकडे बघत होतो, कारण लिफ्टमध्ये माणसाच्या चेहऱ्याकडे बघणं मला कधी जमलेलं नाही. “काय बर्फ होता आज, तूरज आगा! तुमची जागा रिकामी होती,” त्या म्हणाल्या होत्या. “पुढच्या शुक्रवारी या की आमच्याबरोबर.” आमच्या तेहरानात माणसं असं म्हणतात. जेवायला या म्हणतात, बागेतल्या घरी चार दिवस राहायला या म्हणतात, अंगावरच्या कोटाची स्तुती केली तर कोट काढून पुढे धरतात. ऐकणाऱ्यानं छातीवर हात ठेवायचा, तुमची सावली कमी न होवो, कधीतरी नक्की त्रास देईन म्हणायचं. मग मजला येतो, दार उघडतं, दोघंही मोकळे होतात. याला तआरुफ म्हणतात. त्या दिवशी दिवा मिटला आणि त्या अंधारात माझ्या तोंडून ‘हो, येईन’ असं निघून गेलं. दिवा लागला तेव्हा महरुख खानुम माझ्याकडे बघत होत्या. रस्त्यात कोणाला सहज ‘कसे आहात’ विचारावं आणि त्यानं सदरा वर करून पोटावरची जखम दाखवावी, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण त्या लगेच सावरल्या. “माझ्या डोळ्यांवर पाय ठेवा,” म्हणाल्या. “पहाटे खाली उभे राहा. माझा भाऊ गाडी घेऊन येईल.” दार उघडलं. मी माझ्या मजल्यावर उतरलो आणि किल्ली कुलपात न घालता बराच वेळ तसाच उभा राहिलो.

आठवडाभर तो ‘हो’ परत कसा घ्यावा हे सुचत नव्हतं. ताप आलाय म्हणावं, तर त्या सूप घेऊन येतील. बहिणीकडे जायचंय म्हणावं, तर त्या बहिणीच्या घरापर्यंत सोडतो म्हणतील. माझ्या आयुष्यातले सगळे नकार माझी बायको फरंगीस देत असे. फोन ती घ्यायची, दार ती उघडायची. “तूरजला नाही जमणार हो,” असं इतक्या गोड आवाजात म्हणायची की समोरच्याला आपल्याला काहीतरी मिळालंच आहे असं वाटावं. ती गेली आणि माझ्यापाशी नुसते होकार उरले. आता माझ्या दिवाणखान्यात कोणाच्या तरी भाच्याचा फ्रिज उभा आहे. एका निवृत्त कर्नलच्या आठवणी मी तपासून देतो आहे आणि त्या संपत नाहीत, कारण कर्नलला रोज नवीन काहीतरी आठवतं. इमारतीच्या समितीचा अध्यक्षही मीच आहे. होकार देताना मला आनंद होतो असं लोकांना वाटतं. मला वाटतं तो आनंद नसतो. पलीकडच्या माणसाचा चेहरा पडण्याआधीच आपण धावत जाऊन त्याच्याखाली हात धरावा, तशी ती घाई असते. आणि बर्फ मला अगदी परका होता असंही नाही. विद्यार्थी असताना आब-अलीच्या उतारावर लाकडी फळ्यांवरून पडत पडत मी शिकलो होतो. पुढे मुलीला घेऊन दिझीनला जायचो, तारेवरच्या पाळण्यात बसून वर आणि आखलेल्या वाटेनं खाली. पण महरुख खानुम जातात तिथं पाळणा नसतो, वाट नसते. तिथं फळ्यांवरून चालत डोंगर चढतात आणि कोऱ्या बर्फावरून उतरतात. ज्या वयात लोक गुडघ्यांबद्दल बोलतात त्या वयात ही बाई हे करते, आणि मी तिला ‘हो’ म्हणून बसलो होतो.

शुक्रवारी पहाटे जीप दाराशी आली तेव्हा शहरातसुद्धा भुरभुर चालू होती. दोन दिवस वर डोंगरात बर्फ सारखा पडत होता. महरुख खानुमचा भाऊ कियूमर्स खाली उतरला. रुंद छातीचा, पन्नाशीचा माणूस. त्याचं न्हाणीघराच्या फरश्यांचं दुकान आहे. “या उस्ताद, या! पुढे बसा.”

“नको नको, पुढे खानुम बसतील.”

“मी मागेच बरी. मागे मला झोप लागते.”

“पण माझे पाय काही लांब नाहीत, मी मागे सहज…”

“उस्ताद,” कियूमर्स म्हणाला, “इथंच उजाडवायचंय का?”

मी पुढे बसलो. महरुख खानुमनी मागून हात पुढे करून एक लहानसं यंत्र माझ्या कोटाच्या आत, छातीवर पट्ट्यानं बांधलं. बांधताना त्यांचे थंड हात माझ्या गळ्याला लागले आणि मी श्वास धरून बसलो. हे कशाला, असं मी विचारलं. “सापडायला,” त्या म्हणाल्या.

“उस्तादांना यंत्र कशाला?” कियूमर्स म्हणाला. “बर्फाखालून कोणीतरी व्याकरणाच्या चुका काढतंय असं ऐकू आलं की तिथं खणायचं.”

“तू गाडी चालव, गाढवा.”

वाटेत फशम गावात हलीम खाल्लं. कियूमर्सनं मला न विचारता माझ्या वाडग्यावर दालचिनी आणि साखर पसरली. रोटीचा शेवटचा तुकडा ताटात तसाच राहिला. तो नेहमीच राहतो, जो तो दुसऱ्यासाठी ठेवतो. फशम सोडल्यावर रस्ता पांढरा झाला. कियूमर्स चिखलबर्फात पाठीवर पडून चाकांना साखळ्या चढवत होता आणि मी उगाच बॅटरी धरून उभा होतो, उजेड त्याच्या डोळ्यांत जात होता आणि तो काही बोलत नव्हता. मग साखळ्यांचा तो खडखडाट सुरू झाला, दात वाजल्यासारखा, आणि त्याच्याखाली जाजरूद नदीचा आवाज. माझ्या बाजूला कठडा नव्हता. दिव्यांच्या झोतात बर्फ खालून वर पडत असल्यासारखा दिसायचा. बघता बघता गाडी थांबली आहे आणि सगळं जगच आपल्याकडे येतं आहे असं वाटायचं. एका वळणावर मागचं चाक कडेकडे सरकलं, अगदी सावकाश, एखादं जनावर झोपेत कुशीवर वळतं तसं. कियूमर्सनं ब्रेकला पाय लावला नाही. त्यानं हातातलं स्टिअरिंग त्याच दिशेला किंचित वळू दिलं, वाट पाहिली, आणि गाडी परत आली. “दोन्ही हातांनी धर,” मागून महरुख खानुम म्हणाल्या. “झोपली होतीस ना?” “झोपेतच सांगतेय.” मी हसलो, आणि माझ्या लक्षात आलं की फरंगीस गेल्यापासून मी कोणाच्या तरी घरातल्या बोलण्यात असा बसलो नव्हतो. त्या क्षणी मला परत फिरावंसं वाटलं नाही. हे नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात मी फक्त भ्यालो असं वाटेल.

लालान गावाच्या पुढे गाडी ठेवली आणि फळ्यांच्या खाली केसाळ पट्ट्या चिकटवल्या. ती पट्टी मोठी विलक्षण असते. पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. पाय उचलायचा नसतो, नुसता ढकलायचा. सरक, थांब, सरक, थांब. पुढे कियूमर्स वाट पाडत होता, मधे मी, मागे महरुख खानुम. एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. थोड्याच वेळात गाव दिसेनासं झालं, मग झाडं संपली, मग वर आणि खाली असा फरकही संपला. बर्फ पडत होता तरी आवाज नव्हता. कोटाच्या बाहीवर एक कण पडायचा, सहा पाकळ्यांचा, इतका नेमका की ते कोणीतरी करून माझ्या बाहीवर ठेवलं आहे असं वाटावं, आणि मी बघेपर्यंत नाहीसा व्हायचा. मी विश्वकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासत असे. जगातल्या पुष्कळ गोष्टी माझ्या हाताखालून गेल्या आहेत आणि त्यांतली जवळजवळ एकही मी पाहिलेली नाही. बर्फावरची नोंदही गेली होती. प्रत्येक वेळी पडलेला बर्फ आपला थर राखून असतो, जुन्या थराखाली कधी कधी साखरेसारखे सुटे कण तयार होतात, त्यांच्यावर नवा जड थर येऊन बसतो, आणि सगळा उतार सुटून खाली कोसळायची वाट बघत राहतो. त्या नोंदीत एक वाक्य होतं: उतार सुटण्याआधी बर्फ, कधी कधी खोल उसासा टाकतो. त्यातला ‘बर्फ’नंतरचा स्वल्पविराम मी काढला होता. मला वाक्याबद्दल एवढंच माहीत होतं.

डोंगराच्या खांद्यावर जरा सपाटी आली. मी डावा पाय पुढे ढकलला आणि आवाज झाला. झाला म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येत नाही, कारण तो कानांनी आला नाही. गुडघ्यांतून आला, पोटात गेला. बंद खोलीच्या खालच्या मजल्यावर कोणीतरी मोठी गादी जमिनीवर टाकावी, तसा. धुम्म. आणि त्याबरोबर मी उभा होतो ती जागा नखाएवढी खाली बसली. माझं मन आधी म्हणालं, हृदय. माझ्या वयात माणूस आधी स्वतःच्याच आत बघतो. मी उभा राहिलो, वाट पाहिली. हृदय चालू होतं. मग ते वाक्य आलं, स्वल्पविरामाशिवाय. मी पुढे पाहिलं. कियूमर्स थांबून बाटलीतून पाणी पीत होता. मागे पाहिलं. महरुख खानुम वाकून बुटाचा पट्टा आवळत होत्या. दोघंही इतकी साधी दिसत होती की मला माझीच लाज वाटली. ही दोघं जन्मभर या डोंगरात येत आहेत. काही झालं असतं तर त्यांनाच आधी कळलं असतं. ज्यानं बर्फ छापील कागदावर पाहिला, त्यानं हात वर करून सांगायचं की मला डोंगराचा उसासा ऐकू आला? आणि ते सांगितलं तर काय होणार हेही मला दिसत होतं. ती दोघं सभ्यपणानं लगेच मागे फिरतील. ‘हो हो, आम्हीही दमलोच होतो’ म्हणतील. त्यांचा शुक्रवार, दोन दिवस ज्याची वाट पाहिली तो बर्फ, सगळं माझ्या भीतीखाली जाईल, आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर त्या हसून म्हणतील, काय मजा आली! मी पाय पुढे ढकलला. सरक, थांब. प्रत्येक पावलाला मी ऐकत होतो. पुन्हा काही झालं नाही. काही न होण्यानं माणूस किती लवकर निश्चिंत होतो.

माथ्यावर पोचलो आणि ढग फाटला. आधी एक निळी चीर दिसली, मग ती रुंदावत गेली, मग ऊन आलं आणि मी डोळ्यांवर हात घेतला. हात काढला तेव्हा आमच्या पायांशी तो उतार होता. परातीसारखा खोलगट, दोन दिवस वाऱ्यानं भरभरून आणलेल्या बर्फानं तुडुंब भरलेला. एक रेघ नाही, पाखराच्या पायाचा ठसा नाही. त्याच्या पलीकडे रांगांमागे रांगा, आणि सगळ्यांच्या वर एकटा दमावंद, जमिनीशी संबंध नसल्यासारखा. माझ्या छातीत काहीतरी उघडलं. मी आयुष्यात काही मोठं पाहिलेलं नाही. मुलीचा जन्म मी इस्पितळाच्या जिन्यात बसून घालवला, क्रांतीच्या दिवसांत मी खिडक्या लावून मुद्रितं तपासत होतो. आणि आता हे माझ्यासमोर होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, कोणासाठीच नव्हतं. ते नुसतं होतं. ऊन पडल्यावर त्या पांढऱ्यावर एक थरथर उमटली, लाखो कण एकदम चमकले, आणि मला वाटलं की ते आपल्याकडे बघत आहे. रागानं नाही, प्रेमानंही नाही. तेव्हाच मला हेही ठाऊक होतं की हा उतार सुटणार आहे. हे मी कशावरून म्हणतो ते मला सांगता आलं नसतं. पोटातला तो आवाज अजून गेला नव्हता.

महरुख खानुम पट्ट्या सोलून काढत होत्या. कियूमर्स हातमोजे झटकत माझ्याकडे आला आणि कमरेतून किंचित वाकून त्यानं त्या उताराकडे हात केला, एखाद्या खोलीचं दार उघडून धरावं तसा. “बफरमाईद, उस्ताद, आधी तुम्ही. पहिली रेघ तुमची.”

कोऱ्या उतारावर पहिली रेघ ओढणं, यासाठीच तर ही माणसं चढतात. ती पाहुण्याला देणं म्हणजे आपल्या ताटातलं सगळ्यात चांगलं काढून देणं.

“नको,” मी म्हणालो. “तो तुमचा मान.”

“आमचा कसला मान! आम्ही दर आठवड्याला येतो. जा तुम्ही.”

“नाही, खरंच नको. माझी तेवढी लायकी नाही.”

“लायकी काढली! आता तर तुम्हालाच जावं लागेल. ताई, सांग यांना.”

“तूरज आगा,” महरुख खानुम म्हणाल्या, “तुम्ही नाही गेलात तर मीही जाणार नाही. आम्हाला वाईट वाटेल.”

“नाही, माझं ऐका, मी नाही जात, कृपा करा.”

“किती तआरुफ करता हो तुम्ही!” कियूमर्स मोठ्यानं हसला. “अहो, डोंगरावर तरी सोडा तो. आमच्या डोक्यावर पाय ठेवून जा, पण जा!”

तीन वेळा मी नाही म्हणालो होतो. माझं तिन्ही वेळचं नाही अगदी खरं होतं, आणि तिन्ही वेळा ते माझ्या तोंडातून बाहेर पडताना सभ्य झालं होतं. तेच शब्द, तोच छातीवरचा हात, तेच मान वाकवणं. आमच्याकडे नाही म्हणण्याची ही एकच रीत आहे, आणि ती हो म्हणण्याआधीची रीत आहे. आता चौथ्यांदा मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी पाचव्यांदा आग्रह केला असता, जास्त प्रेमानं. मला एकदम समजलं की मी ज्या भाषेत साठ-पासष्ट वर्षं राहिलो तिच्यात या क्षणासाठी वाक्य नाही. फरंगीसकडे होतं. ती कसं म्हणायची, कुठल्या सुरात, ते मी आठवू लागलो आणि मला तिचा आवाजच आठवेना. ती दोघं हसत उभी होती. त्यांच्या गालांवर ऊन होतं. त्यांना किती आनंद झाला होता मला तो उतार देताना! आणि मी निघालो. हे सांगताना आता माझा हात थांबतो, पण मी खरंच निघालो. मी पट्ट्या काढल्या, बुटांच्या कड्या लावल्या, फळ्यांची टोकं कडेच्या बाहेर नेली. मरणं मला त्या दोन चेहऱ्यांना खोटं ठरवण्यापेक्षा सोपं वाटलं. टोकं हवेत होती. त्यांच्यामधून खाली तो सगळा उजेड दिसत होता, आणि एक प्रकारचा आरामही वाटत होता, की आता यापुढे काही बोलावं लागणार नाही. मग मागून महरुख खानुमनी, अगदी हलक्या आवाजात, स्वतःशी म्हटल्यासारखं म्हटलं, “लगेच तुमच्या मागून येतेच मी.”

मी बाजूला कोसळलो. ठरवून, अंगाची मोळी करून मी डाव्या कुशीवर, डोंगराच्या बाजूला पडलो आणि दोन्ही हातांनी बर्फ धरला, जणू बर्फ धरता येतो. आणि ओरडलो. माझ्या घशातून जो आवाज आला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. चिरका, बाजारातल्या भांडणातला. “नाही! कोणी जायचं नाही! ऐकू येत नाही का तुम्हाला? हा खाली येणार आहे, अख्खा खाली येणार आहे! चुलीत घाल तुझा तआरुफ, कियूमर्स! चुलीत घाल तुझा मान! मी जाणार नाही आणि तुझ्या बहिणीला जाऊ देणार नाही, बेअक्कल माणसा!”

ते शब्द त्या परातीत गेले आणि परत आले नाहीत. प्रतिध्वनी नव्हता. बर्फानं ते खाल्ले. कियूमर्सचा उताराकडे केलेला हात अजून तसाच होता; तो हळूहळू खाली आला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. महरुख खानुम माझ्याकडे बघत होत्या, लिफ्टमधला दिवा लागला तेव्हा बघत होत्या तशा. उतार चमकत होता. एक कण हलला नाही.

“ठीक आहे,” कियूमर्स म्हणाला. “आल्या वाटेनं.”

आल्या वाटेनं उतरण्यात काही सुख नव्हतं. अरुंद धारेवरून, स्वतःच्याच पायांनी खराब केलेल्या बर्फातून, आडव्या फळ्या घासत. मी पडत होतो, उठत होतो. कोणी हात दिला नाही आणि कोणी ‘लागलं का’ असं विचारलं नाही. सकाळी माझ्या बुटाचा पट्टा सुटला तरी दोघं धावत होती. प्रत्येक वेळी पडल्यावर मी मागे वळून माथ्याकडे बघत होतो. मला काय हवं होतं ते सांगायची लाज वाटते. मला हवं होतं की तो उतार सुटावा. कोणी नसताना, आमच्या देखत, सगळाच्या सगळा खाली यावा आणि मी वेडा नव्हतो हे त्या दोघांना दिसावं. एवढ्या निर्मळ गोष्टीचा मी माझ्यासाठी असा उपयोग करू पाहत होतो. उतार तिथंच होता. दुपारच्या उन्हात तो आणखी गोल, आणखी भरलेला, जवळजवळ दयाळू दिसत होता.

गाडीत मी मागे बसलो, महरुख खानुम पुढे. कोणी पुढे बसा म्हणालं नाही. कियूमर्सनं इंजिन चालू केलं, मग खिशातून संत्रं काढलं, सावकाश सोललं आणि एकेक फोड करून सगळं एकट्यानं खाल्लं. आमच्यासमोर, न विचारता. मी असं कोणाला करताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. संत्र्याचा वास गाडीभर पसरला, ओल्या लोकरीच्या वासात मिसळला. शिवी दिली असती तर मला इतकं लागलं नसतं. मी काचेला कपाळ टेकलं. माफी मागायला शब्द पुष्कळ होते. मी जन्मभर त्यांच्यावरच जगलो. ‘तुमच्या पायाची धूळ’ पासून सुरुवात करता आली असती. पण त्या शब्दांनीच आम्हाला कडेपर्यंत नेलं होतं, आणि मला त्यांची शिसारी आली. आणि तरी दर वळणाला मनात येत होतं, नसेलच आवाज झाला तर? कोणाची तरी फळी दगडावर आपटली असेल. माझ्याच गुडघ्यातून आला असेल. म्हातारा माणूस घाबरला, आणि घाबरल्याचं कबूल करण्याऐवजी त्यानं डोंगराचं नाव पुढे केलं. साखळ्या खडखडत होत्या.

गावाच्या खाली गाड्यांची रांग लागली होती. पुढे रस्त्यावर बर्फ आला होता, दुसऱ्याच कुठल्या तरी उतारावरून, दुपारी. त्याखाली कोणी गाडलं गेलं नव्हतं. माणसं उतरून उभी होती, एका गाडीच्या मागच्या फळीवर समोवार ठेवून कोणीतरी सगळ्यांना चहा देत होतं, आणि पलीकडे यंत्राचं फावडं घरघरत होतं. कियूमर्सनं इंजिन बंद केलं. काचेवर आमच्या श्वासांची वाफ धरू लागली. खाली उतरून कोणी चौकशीला गेलं नाही.

“उस्ताद,” कियूमर्स आरशात बघत म्हणाला. पहिल्यांदाच त्या शब्दात थट्टा नव्हती. “तुम्हाला खरंच काही ऐकू आलं होतं? का भ्यालात?”

“भ्यालो,” मी म्हणालो. “आणि ऐकू आलं. आलं असं वाटतं. सपाटीवर, तुम्ही पाणी पीत होता तेव्हा. आता विचाराल तर शपथेवर सांगणार नाही.”

महरुख खानुमनी हातमोजे काढले आणि मांडीवर एकावर एक ठेवले.

“धुम्म,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या, जिच्यातून काहीच दिसत नव्हतं.

“पायाखालची जागा बसली,” त्या म्हणाल्या. “मी वाकून पट्टा आवळला, कारण माझे पाय कापत होते. मला वाटलं, आता बोलले तर तुम्हाला वाटेल की तुमच्यामुळे फिरतोय. तुम्हाला ओझं वाटेल. पहिल्यांदा आलात आणि…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “मग म्हटलं, कियूमर्स गप्प आहे म्हणजे ठीक असेल.”

“ताई,” कियूमर्स म्हणाला.

“काय?”

“मला तहान लागली नव्हती.”

मला आधी समजलं नाही. मग सपाटीवरची ती पाण्याची बाटली आठवली. “तू इतकी खूश होतीस,” तो तिला म्हणत होता. त्याचा आवाज लहान झाला होता. “आठवडाभर सांगत होतीस, तूरज आगा येतायत, तूरज आगा येतायत. मी म्हटलं कसा मोडू हिचा दिवस. मग माथ्यावर… मी मुद्दामच पहिली रेघ यांना… नाही, मुद्दाम नाही, देवाशपथ. पण तोंडातून तेच आलं. मला वाटलं, कोणीतरी नाही म्हणेल. हे तीनदा म्हणाले आणि मी हसत होतो.” त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. भोंगा वाजला, पुढच्या गाडीतल्या माणसानं वळून हात जोडून क्षमा मागितली. आमच्यापैकी कोणी हसलं नाही.

म्हणजे तो उसासा एकाच क्षणी तिघांच्या पोटात गेला होता, आणि तिघांनी तो गिळला होता, एकमेकांसाठी, प्रेमानं. डोंगरानं आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही त्याला ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत त्याच्या कडेवर जाऊन उभे राहिलो होतो, पाहुण्याला पुढे घालून. मी बर्फाची नोंद तपासली होती, पण माणसं अशीही मरतात हे कुठल्या अक्षराखाली लिहितात? मला त्या दोघांचा राग आला नाही. माझाही आला नाही. काहीतरी फार मोठं माझ्या अगदी जवळून, मला न शिवता गेलं होतं, आणि त्याच्या वाऱ्यानं मी अजून गार होतो.

रांग हलली. यंत्रानं लोंढ्यातून एका गाडीपुरती वाट कापली होती. कियूमर्सनं काच पुसली, गियर टाकला आणि आम्ही आत शिरलो. दोन्ही बाजूंना भिंती, जीपच्या टपाहून उंच, कापलेल्या जागी निळ्या, आतून उजेड असल्यासारख्या निळ्या. त्यांच्यात दगड होते, मुळांसकट उपटलेलं एक अर्धं झाड होतं. साखळ्यांचा आवाज एकदम मिटला. मी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. बोटं भिंतीला लागली. मला पिसांसारखं काहीतरी अपेक्षित होतं, माझ्या बाहीवर पडत होतं तसं. ते दगडासारखं होतं. सकाळी कणाकणानं, सहा पाकळ्यांनी, आवाज न करता उतरत होतं तेच हे. आणि मी त्यावरून हात फिरवत होतो, आणि गाडी अगदी हळू चालली होती, आणि ती भिंत संपत नव्हती.

“काच वर करा,” महरुख खानुम म्हणाल्या. “थंडी वाजतेय मला.”

“आत्ता नाही,” मी म्हणालो.

त्यांनी स्कार्फ कानांवर ओढून घेतला आणि पुढे बघू लागल्या.